घरच्या पडद्याने राखलेले विनोदपट

मूकपटांच्या जमान्यातले अमेरिकन विनोदपट आज कुणालाही घरबसल्या पाहता येतात. चॅप्लिनने म्युच्युअल कंपनीसाठी केलेले बारा लघुपट, बस्टर कीटनचे दोन-दोन रिळांचे चित्रपट, मराठी प्रेक्षकांनी ‘जाड्या-रड्या’ म्हणून आपलेसे केलेले लॉरेल आणि हार्डी हे सारे इतके सहज हाताशी आहे की, ज्या कंपन्यांनी हे चित्रपट काढले त्यांनीच ते जपून ठेवले असणार असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी डेव्हिड पिअर्स यांनी केलेली पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत निघालेल्या १०,९१९ पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ मापाच्या फिल्मवर संपूर्ण उरले आहेत, असे तिच्यात दिसून आले. आणखी ११ टक्के पूर्ण स्वरूपात आहेत, पण ते परदेशी आवृत्तीत किंवा २८ आणि १६ मिलिमीटरच्या छोट्या फिल्मवर. सुमारे ७० टक्के कायमचे गेले. या आकड्यांत एक-दोन रिळांचे विनोदपट धरलेलेच नाहीत. तरीही त्या काळातल्या विनोदपटांचा मोठा आणि महत्त्वाचा वाटा आज पाहायला मिळतो. याचे श्रेय स्टुडिओंच्या कोठारांना द्यावे लागते त्याहून अधिक घराघरांतल्या कपाटांना द्यावे लागते, आणि या लेखात तेच दाखवायचे आहे. छोट्या प्रोजेक्टरवर लावण्यासाठी विकल्या गेलेल्या, कापलेल्या, स्वस्त प्रतींनी ही कला तगवली.

सिनेमा घरात यायला मूळ अडचण आगीची होती. सुरुवातीची ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची असे. ती भडकन पेटते, पेटली की पाण्याने विझत नाही आणि नीट साठवली नाही तर आपोआप कुजते. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमधल्या एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या यंत्राच्या इथरच्या दिव्यामुळे आग लागली आणि सव्वाशेच्या आसपास माणसे होरपळून मेली. तेव्हापासून सिनेमा आणि आग यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसली. घरात सिनेमा न्यायचा तर न पेटणारी, अॅसिटेटची फिल्म हवी होती. पाते कंपनीने १९१२ साली २८ मिलिमीटरची अशी फिल्म आणि ‘कोक’ नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याचा दांडा फिरवला की फिल्म तर सरकेच, शिवाय त्याच फिरण्यातून दिव्यापुरती वीजही तयार होई. वीज न पोचलेल्या घरांचा हा विचार दाद देण्याजोगा होता. १९२२च्या नाताळाच्या सुमारास पातेने ९.५ मिलिमीटरची ‘पाते बेबी’ आणली. हिची छिद्रे कडेला नसून दोन चौकटींच्या मधोमध होती, त्यामुळे एवढ्याशा पट्टीतही चित्राला जवळपास पूर्ण रुंदी मिळे. मजकुराच्या पाट्यांसाठी तर फारच हुशारीची सोय होती. फिल्मच्या काठाला एक खाच पाडलेली असे. ती आली की यंत्र त्याच चौकटीवर काही सेकंद थांबे आणि मग पुढे जाई. एरवी फूटभराहून जास्त फिल्म खाणारी पाटी एक-दोन चौकटींत मावू लागली. १९२३ साली कोडॅकने १६ मिलिमीटर आणली. हे माप मुद्दाम असे निवडले होते की नायट्रेटची ३५ मिलिमीटरची फिल्म मधोमध चिरून कुणाला ती घरच्या यंत्रात घालता येऊ नये. पुढे १९३२ साली, मंदीच्या ऐन कडाक्यात, कोडॅकनेच ८ मिलिमीटर काढली आणि घरगुती सिनेमाचा खर्च आणखी खाली आला.

यंत्रे आली तशी त्यांवर लावायला चित्रपटही हवे होते. कोडॅकने १९२५ साली ‘कोडास्कोप लायब्ररी’ सुरू केली. तिची सूत्रे विलर्ड कुक या अनुभवी माणसाकडे होती; पातेच्या २८ मिलिमीटरचा अमेरिकेतला कारभारही त्यांनीच पाहिला होता. स्टुडिओंकडून हक्क घेऊन चित्रपटांच्या १६ मिलिमीटर प्रती काढायच्या आणि वाचनालयातून पुस्तक न्यावे तशा त्या भाड्याने द्यायच्या, अशी ही व्यवस्था १९३९च्या सुमारापर्यंत चालली. लांब चित्रपट सर्रास कापले जात. तेवढ्यात १९२७ नंतर बोलपट आले आणि दोन-तीन वर्षांत मूकपटांची बाजारातली किंमत शून्यावर आली. स्टुडिओंच्या दृष्टीने मूकपट म्हणजे आता जागा अडवणारी, विम्याचा हप्ता वाढवणारी, आगीला आमंत्रण देणारी अडगळ होती. काही कंपन्यांनी फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठी रिळे विकून टाकली. १९३७च्या जुलैत न्यू जर्सीतल्या लिटल फेरी येथील कोठाराला आग लागून फॉक्स कंपनीचे बहुतेक मूकपट जळाले. १९४३ साली विनोदी नट हॅरल्ड लॉइडच्या स्वतःच्या बंगल्यातल्या कोठारात आग लागली आणि त्याचे सुरुवातीचे कितीतरी लघुपट गेले. स्वतःच्या कामाची इतकी काळजी घेणारा कलावंतही एकाच जागी सगळे ठेवल्याने हरला, हे विसरण्यासारखे नाही. १९४८ साली युनिव्हर्सलने तर आपल्या उरलेल्या मूकपटांच्या निगेटिव्ह जाणूनबुजून नष्ट केल्या. त्याच काळात कोडास्कोपच्या जुन्या प्रती, पातेच्या डब्या आणि भाड्याच्या धंद्यातून बाहेर पडलेली वापरलेली रिळे मात्र लोकांच्या माळ्यांवर शाबूत पडून होती.

या घरगुती बाजारात विनोदपटच पुढे का आले, याची कारणे बरीचशी लांबीच्या हिशेबात आहेत. ३५ मिलिमीटरच्या एका फूट फिल्ममध्ये १६ चौकटी असतात. जुन्या ८ मिलिमीटरच्या एका फुटात ८०. म्हणजे चित्रगृहात दोन हजार फूट भरणारा दोन रिळांचा विनोदपट घरी चारशे फुटांच्या एका रिळात, एक दृश्यही न कापता, बसे. वीस ते तीस मिनिटांत तो संपे. मुलांची झोपेची वेळ टळत नसे आणि रीळ बदलण्यासाठी मध्ये दिवे लावावे लागत नसत. दोन तासांच्या कौटुंबिक नाट्याला हे जमणारे नव्हते. त्याला कातरीखाली यावेच लागे आणि कातरल्यावर त्याचे कथानक लंगडे होई. विनोदपटाचे तसे नसते. पाठलागाचा, शिडीवरून पडण्याचा, चुकीच्या घरात शिरण्याचा प्रसंग स्वतःपुरता पूर्ण असतो, त्यामुळे पन्नास फुटांचा, चार मिनिटांचा तुकडाही हसवू शकतो. त्यात पाट्या कमी, म्हणून वाचता न येणारे मूल आणि इंग्रजी न येणारी आजी दोघांनाही तो कळतो. आणि तो पुन्हापुन्हा पाहिला जातो. विकत घेतलेले रीळ दहा वेळा लावावेसे वाटले तरच पैसे वसूल झाले असे घरातल्या माणसाला वाटते. एकदा गुपित कळले की रहस्यपट संपतो, पण केळीच्या सालीवरून घसरणारा माणूस पुढे काय होणार हे ठाऊक असूनही हसवतो. शिवाय हक्कांचा प्रश्न सोपा होता. अनेक जुन्या लघुपटांचे हक्क संपलेले होते किंवा कुणी नव्याने नोंदवलेले नव्हते, आणि ज्यांचे शाबूत होते त्यांचे मालक जुन्या मालातून चार पैसे मिळत असतील तर नाही म्हणत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा बाजार खऱ्या अर्थाने फोफावला. युजीन कॅसल यांची ‘कॅसल फिल्म्स’ १९३७ साली हिंडेनबर्ग या एअरशिपच्या अपघाताच्या वृत्तचित्रामुळे नावारूपाला आली होती. १९४७ साली युनिव्हर्सलने ती घेतली आणि मग अॅबट-कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या लांब चित्रपटांतले नेमके विनोदी प्रसंग कापून त्यांच्या छोट्या डब्या छायाचित्रणाच्या दुकानांत विकायला ठेवल्या. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरे महत्त्व आहे ते आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट या मिसिसिपीकाठच्या गावातून चालणाऱ्या ‘ब्लॅकहॉक फिल्म्स’ला. केंट ईस्टिन यांनी १९२७ साली चित्रपट भाड्याने देण्यापासून सुरुवात केली होती. पुढे मार्टिन फेलन यांच्या भागीदारीत त्यांनी टपालाने प्रती विकण्याचा मोठा व्यवसाय उभा केला. हॅल रोच स्टुडिओकडून रीतसर परवाना घेऊन लॉरेल-हार्डीचे मूकपट आणि बोलपट त्यांनी ८ आणि १६ मिलिमीटरवर काढले. त्यांचे माहितीपत्रक टपालाने येई आणि अनेक घरांत ते वर्तमानपत्रासारखे वाचले जाई. ब्लॅकहॉकच्या प्रतींत एक विशेष होता. चित्रपट सुरू होण्याआधी तो कोणत्या वर्षी, कोणत्या कंपनीने काढला, त्यात कोण आहे, तेव्हा त्या नटाच्या आयुष्यात काय चालले होते, हे सांगणाऱ्या पाट्या येत. चित्रपटाचा इतिहास शिकवणारी विद्यापीठे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. हजारो लोकांना तो इतिहास त्या पाट्यांतून, आपल्या दिवाणखान्यात, पहिल्यांदा समजला.

या घरगुती खेळात हातांना बरेच काम असे आणि संग्राहक तयार झाला तो या हातकामातूनच. रीळ वरच्या दांडीवर चढवायचे, फिल्मचे टोक दातेरी चाकावरून घेऊन प्रोजेक्टरच्या ‘गेट’पाशी आणायचे, वर आणि खाली दोन सैल वळसे सोडायचे. वळसा हरवला की चित्र पडद्यावर नाचू लागते. फिल्म अडकली आणि दिवा चालू राहिला तर पडद्यावर मधूनच तपकिरी डाग उमटून पसरतो. तेवढ्या चौकटी गेल्याच. मग तुटलेली दोन टोके चौकोनी कापायची, एका टोकावरचा चित्राचा थर खरवडायचा, फिल्म जोडण्याचे सिमेंट लावून दाबून धरायचे. प्रत्येक जोडणीत एक-दोन चौकटी कमी होत जातात. मूकपट दाखवायचा तर शेजारी ग्रामोफोनवर साजेशी तबकडी लावायची आणि प्रसंगाला ताल जुळतो का ते बघायचे. चित्रपटाला इतके हात लागले की माणूस त्याच्याकडे वस्तू म्हणून पाहू लागतो. ही प्रत पूर्ण आहे का, दुसऱ्या प्रतीत जास्त दृश्य आहे का, हिच्यातली पाटी मूळची की नंतर घातलेली, असे प्रश्न त्याला पडू लागतात. विद्वानांनी पुढे ज्याला जीर्णोद्धार म्हटले, त्याची तपासणी अशा प्रश्नांपासूनच सुरू होते. इंग्लंडमध्ये शाळकरी वयात ९.५ मिलिमीटरची रिळे गोळा करणाऱ्या केव्हिन ब्राउनलो यांना १९५४ साली आबेल गान्सच्या ‘नेपोलियन’ या मूकपटाचे दोन तुकडे मिळाले. त्या तुकड्यांवरून त्यांनी आयुष्यभराचे काम मांडले. १९८३ साली चॅप्लिनच्या न वापरलेल्या चित्रणावर त्यांनी डेव्हिड गिल यांच्यासह केलेली ‘अननोन चॅप्लिन’ ही मालिका त्याच कामाचा भाग होती.

यावर पहिला आक्षेप दर्जाचा घेतला जातो, आणि तो खराच आहे. ८ मिलिमीटरची चौकट करंगळीच्या नखापेक्षा लहान. त्यातून कीटनच्या न हलणाऱ्या चेहऱ्यावरची बारीक छटा कशी दिसावी? प्रतीवरून प्रत काढत गेल्याने काळा-पांढरा भेद भडक होई, चेहरे खडूसारखे दिसत, आणि मूळ गतीपेक्षा वेगाने चालवल्याने माणसे तुरुतुरु पळताना दिसत. मूकपट म्हणजे धावपळीचे काहीतरी, हा जो गैरसमज एका पिढीत रुजला त्याला या प्रतीही जबाबदार आहेत. पण धूसर प्रत आणि उत्तम प्रत असा पर्याय समोर असता, तर हा आक्षेप निर्णायक ठरला असता. पुष्कळ चित्रपटांच्या बाबतीत समोर पर्याय होता तो धूसर प्रत आणि शून्य यांचा. कोडास्कोपने कापलेला ‘द लॉस्ट वर्ल्ड’ (१९२५) कित्येक दशके त्या चित्रपटाचे एकमेव उपलब्ध रूप होता, आणि पुढे इतर ठिकाणचे तुकडे मिळाले तेव्हा ते कुठे बसवायचे हे ठरवायला तो आधार झाला. शिवाय ब्लॅकहॉकसारख्या कंपनीला चांगली प्रत विकायची तर चांगली निगेटिव्ह हवी होती. म्हणून रोचच्या कोठारात कुजत चाललेल्या नायट्रेटवरून तिने सुरक्षित फिल्मवर नव्या निगेटिव्ह काढून घेतल्या. धंद्यासाठी केलेले ते काम आज जतनाचे काम ठरले आहे.

दुसरा आक्षेप कायद्याचा. संग्राहकांकडच्या सगळ्या प्रती परवान्याने विकलेल्या नव्हत्या. चित्रगृहांसाठी आणि दूरचित्रवाणीसाठी काढलेल्या ३५ आणि १६ मिलिमीटरच्या प्रती काम संपल्यावर नष्ट करायच्या असत. त्यांतल्या काही मागच्या दाराने बाहेर पडत आणि हातोहात विकल्या जात. १९७४च्या डिसेंबरात एफबीआयने अभिनेते रॉडी मॅकडॉवल यांच्या घरावर छापा घालून त्यांचा संग्रह जप्त केला. त्यांच्यावर खटला झाला नाही, पण त्या काळात अनेक संग्राहक आपल्याकडे काय आहे हे कुणाला सांगेनासे झाले. स्टुडिओंची बाजू नाकारता येत नाही. मालाचा मालक आपला हक्क बजावणारच, आणि बेकायदा नकलांवर पैसे करणारेही त्या जगात होते. तरी ज्या मालकाने स्वतःची वस्तू सांभाळण्याचे कर्तव्य सोडून दिले, त्याचा हक्क नैतिकदृष्ट्या दुबळा होतो, असे माझे मत आहे. आणि इथे वाईट झाले ते छाप्यांपेक्षा त्यांच्या भीतीने. दुर्मीळ प्रती घरात दडपल्या गेल्या आणि संशोधकांना त्यांचा पत्ता लागायला आणखी वीस-तीस वर्षे गेली.

तिसरा मुद्दा दूरचित्रवाणीचा. विनोदपटांना नवे आयुष्य दूरचित्रवाणीने आणि चित्रगृहांतल्या संकलनांनी दिले, घरच्या प्रोजेक्टरने नव्हे, असे म्हणता येईल. समीक्षक जेम्स एजी यांनी १९४९ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात मूक विनोदाच्या सुवर्णकाळावर लिहिलेल्या गाजलेल्या लेखाने, आणि रॉबर्ट यंगसन यांच्या १९५७च्या ‘द गोल्डन एज ऑफ कॉमेडी’ या संकलनाने, ही कला पुन्हा लोकांच्या डोळ्यांसमोर आणली यात शंका नाही. पण संकलनात निवडक तुकडे असतात, आणि दूरचित्रवाणी कार्यक्रम दाखवते, प्रत प्रेक्षकाच्या हाती देत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण यंगसन यांच्याच चित्रपटातून मिळते. लॉरेल-हार्डीचा १९२७ सालचा ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ हा दोन रिळांचा चित्रपट त्यातल्या ‘पाय’च्या फेकाफेकीसाठी प्रसिद्ध. क्लाइड ब्रुकमन यांनी दिग्दर्शित केलेल्या या प्रसंगात गोड सारणाच्या ‘पाय’ नावाच्या पदार्थाची एकेक थाळी एकेकाच्या तोंडावर बसते आणि सगळा रस्ता त्यात ओढला जातो. हा गोंधळ टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेला आहे आणि त्याची सारी गंमत त्या चढत्या क्रमात आहे. यंगसन यांनी त्यातली काही मिनिटेच वापरली. नंतर निगेटिव्ह कुजली आणि जगाला तेवढीच मिनिटे माहीत राहिली. पहिले रीळ १९७०च्या दशकाच्या अखेरीस मिळाले. संपूर्ण दुसरे रीळ मात्र २०१५ साली सापडले, १६ मिलिमीटरवर. मूकपटांना पियानोची साथ करणारे संग्राहक जॉन मिरसालिस यांनी दुसऱ्या एका संग्राहकाचा संग्रह घेतला होता आणि त्यात ही डबी होती. ती मुळात यंगसन यांच्याकडचीच. पहिल्या रिळाच्या शेवटचा, विमा विकणाऱ्याचा छोटा प्रसंग अजून मिळालेला नाही. तिथे स्थिर छायाचित्रे घालावी लागतात. २०१० साली प्रकाशात आलेला कीस्टोन कंपनीचा ‘अ थीफ कॅचर’ (१९१४), ज्यात चॅप्लिन हवालदाराच्या छोट्या भूमिकेत असल्याचे तोवर कुणाला ठाऊक नव्हते, तोही मिशिगनमधल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत १६ मिलिमीटरवरच मिळाला.

१९६५ साली आलेल्या सुपर ८ने आणि १९७०च्या दशकात तिच्यावर चढलेल्या चुंबकीय ध्वनिपट्टीने या छंदाला शेवटची मोठी भरती आली. त्याच दशकात व्हिडिओ कॅसेट आली आणि ओहोटीला फार वेळ लागला नाही. संपूर्ण चित्रपटाची ध्वनियुक्त सुपर ८ प्रत म्हणजे अनेक रिळे आणि मोठी रक्कम. कॅसेट एकच, आणि ती लावायला अंधार लागत नाही. १९८०च्या दशकात ब्लॅकहॉकचा फिल्म विकण्याचा धंदा संपला. १९७३पासून तिथे काम केलेले डेव्हिड शेपर्ड यांनी तिचा ठेवा ताब्यात घेतला, आणि पुढे लेसर डिस्क व डीव्हीडीवर चॅप्लिन, कीटन यांच्या ज्या उत्तम आवृत्त्या निघाल्या त्यांपैकी पुष्कळ त्यांच्या हातून निघाल्या. म्हणजे आज पडद्यावर स्वच्छ दिसणारा विनोदपट अनेकदा टपालाने रिळे विकणाऱ्या डेव्हनपोर्टच्या त्या कचेरीतून आलेला असतो.

घरगुती बाजार नसता तर काय झाले असते, हे पाहायला आपल्याकडची स्थिती उपयोगी पडते. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. पूर्ण किंवा तुकड्यांत उरले ते तीसेक. उष्ण आणि दमट हवा, जतनाची उशिरा झालेली सुरुवात (पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले), चांदीसाठी रिळे विकण्याची प्रथा ही कारणे आहेतच. हे संग्रहालय उभारणारे पी. के. नायर यांनी पहिला बोलपट ‘आलम आरा’ची रिळेही अशीच गेल्याचे सांगून ठेवले आहे. पण चांदी अमेरिकेतही काढली जात होती आणि नायट्रेट तिथेही कुजत होते. आपल्याकडे उणीव होती ती दुसऱ्या, विखुरलेल्या साठ्याची. गणेशोत्सवात चौकात पांढरा पडदा बांधून १६ मिलिमीटरवर सिनेमा दाखवण्याची रीत महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे, पण त्या प्रती भाड्याच्या, दुसऱ्या दिवशी वितरकाकडे परत जाणाऱ्या, आणि त्याही बोलपटांच्या. मूकपटांच्या छोट्या प्रती घरात विकत ठेवण्याचा व्यवहार इथे उभाच राहिला नाही. जे उरले त्यातही घराचाच हात आहे: ‘कालिया मर्दन’चे (१९१९) तुकडे नायर यांना दादासाहेब फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून मिळाले आणि फाळक्यांनी स्वतः लिहिलेल्या टिपणांवरून त्यांनी ते क्रमाने जुळवले. फाळक्यांनी विनोदी लघुपटही काढले होते. १९१४च्या जानेवारीत ‘मोहिनी भस्मासुर’बरोबर ‘पिठाचे पंजे’ नावाचा त्यांचा छोटा विनोदपट दाखवला गेला. एका घरगुती रिळात तो सहज मावला असता. आज त्याचे नाव तेवढे उरले आहे.